प्लॅनेट हंटर्स

प्लॅनेट हंटर्स हा ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या नोंदींमधून सौरमालेबाहेरील ग्रहांचा (बाह्यग्रहांचा) शोध घेणारा नागरिक-विज्ञान प्रकल्प आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ आणि झूनिव्हर्स हा नागरिक-विज्ञान मंच यांनी १६ डिसेंबर २०१० रोजी तो सुरू केला. नासाच्या केप्लर दुर्बिणीने आणि पुढे टेस या उपग्रहाने जमवलेले प्रकाशवक्र स्वयंसेवक डोळ्यांनी तपासतात. दुर्बीण बाळगण्याची किंवा खगोलशास्त्राच्या औपचारिक शिक्षणाची अट त्यासाठी नाही.

पार्श्वभूमी

मार्च २००९ मध्ये प्रक्षेपित झालेल्या केप्लर दुर्बिणीने हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या परिसरातील आकाशाच्या एकाच तुकड्यावर चार वर्षे नजर रोखून ठेवली. सुमारे दीड लाख ताऱ्यांची तेजस्विता ती साधारण दर अर्ध्या तासाने मोजत असे. एवढ्या नोंदी चाळण्यासाठी नासाने संगणकीय प्रणाली उभारली होती व ती उत्तम काम करत होती. तरीही विशिष्ट आकाराचे आणि ठरावीक कालावधीने पुनरावृत्त होणारे संकेत शोधण्यासाठी घडवलेली प्रणाली त्या चौकटीबाहेरचे संकेत सोडून देईल, अशी शंका येलमधील डेब्रा फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांना होती. दीर्घिकांच्या वर्गीकरणासाठी २००७ मध्ये सुरू झालेल्या गॅलेक्सी झू प्रकल्पाने सामान्य माणसांची नजर अशा कामी किती विश्वासार्ह ठरते हे दाखवून दिले होते. त्याच प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या झूनिव्हर्सचा आधार या नव्या शोधाला मिळाला.

शोधाची पद्धत

ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा प्रकाश अडवतो. या घटनेस अधिक्रमण म्हणतात. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ रोजी भारतातून दिसलेले शुक्राचे अधिक्रमण हे तिचे जवळचे उदाहरण होय. दूरच्या ताऱ्याच्या बाबतीत ग्रहाचा ठिपका दिसत नाही. केवळ ताऱ्याचे तेज काही तासांपुरते किंचित घटते आणि पूर्ववत होते. सूर्यासमोरून गुरू गेला तर दूरच्या निरीक्षकास ही घट सुमारे १ टक्का भासेल, पृथ्वी गेली तर ०.०१ टक्क्याहूनही कमी. शिवाय ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत असावी लागते. सूर्य-पृथ्वीसारख्या जोडीबाबत ही शक्यता दोनशेत एक एवढीच आहे.

स्वयंसेवकाला तेजस्वितेचा आलेख दाखवला जातो व त्यात त्याने खळगे खुणावायचे असतात. हे सोपे वाटले तरी तसे नाही. ताऱ्यावरील डागांमुळे आलेख वरखाली होतो आणि काही तारे स्वतःच स्पंद पावतात. केप्लर यान दर तिमाहीस ९० अंशांनी फिरवले जात असल्याने मोजमापात उड्याही पडत. सर्वांत फसवे असतात ते परस्परांना झाकणारे युग्मतारे. तशी एखादी जोडी दूर पार्श्वभूमीवर असेल तर तिचा खळगा हुबेहूब ग्रहासारखा दिसतो. म्हणून एकच आलेख अनेकांना स्वतंत्रपणे दाखवून त्यांच्या खुणा एकत्र केल्या जातात. मधूनमधून कृत्रिम अधिक्रमणे पेरलेले आलेखही दाखवले जातात आणि त्यावरून स्वयंसेवकांच्या नजरेतून किती संकेत निसटतात याचा हिशेब मांडता येतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा पडताळणीनुसार, पृथ्वीच्या चौपटीहून मोठी त्रिज्या व १५ दिवसांहून कमी परिभ्रमणकाळ असलेल्या ग्रहांचे किमान ८५ टक्के संकेत स्वयंसेवकांनी ओळखले. त्याहून लहान ग्रहांच्या बाबतीत मात्र संगणकच सरस ठरतो.

मानवी नजरेचे खरे बळ दीर्घ परिभ्रमणकाळाच्या ग्रहांमध्ये आहे. केप्लरच्या प्रणालीस संकेत ग्राह्य धरण्यासाठी किमान तीन अधिक्रमणे लागत. माणसाला एकच खळगाही खटकू शकतो.

खळगा सापडला म्हणजे ग्रह सापडला असे नव्हे. तोवर तो केवळ ‘उमेदवार’ असतो. मोठ्या दुर्बिणींनी ताऱ्याचे सूक्ष्म चित्रण करून शेजारी दुसरा तारा नाही ना हे पाहिले जाते, तसेच वर्णपटावरून ताऱ्याचे हेलकावणे मोजून प्रकाश अडवणाऱ्या वस्तूच्या वस्तुमानाचा अंदाज घेतला जातो. हे काम व्यावसायिक संशोधकांचेच. शोधनिबंधांमध्ये संकेत प्रथम टिपणाऱ्या स्वयंसेवकांना मात्र सहलेखक म्हणून स्थान मिळत आले आहे.

प्रमुख शोध

पहिले दोन उमेदवार सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर झाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये पीएच१बी या ग्रहाची घोषणा झाली (केप्लर-६४बी हे त्याचे दुसरे नाव). तो एका युग्मताऱ्याभोवती सुमारे १३८ दिवसांत फिरतो आणि त्या युग्मताऱ्याभोवती दूरवरून आणखी दोन तारे फिरतात. चार ताऱ्यांच्या अशा प्रणालीत सापडलेला हा पहिलाच ग्रह होय. युग्मताऱ्यातील दोन्ही तारे २० दिवसांत परस्परांभोवती फिरत असल्याने ग्रहाची अधिक्रमणे समान अंतराने घडत नाहीत. नियमित आवर्तन शोधणाऱ्या प्रणालीला ती हुलकावणी देतात, तर आलेख पाहणाऱ्या दोन स्वयंसेवकांना ती जाणवली.

जानेवारी २०१३ मध्ये पीएच२बी हा गुरूच्या आकाराचा ग्रह जाहीर झाला. तो आपल्या ताऱ्याच्या जीवनयोग्य पट्ट्यात सुमारे २८२ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो.

बोयाजियनचा तारा

प्रकल्पाची सर्वाधिक चर्चा झाली ती मात्र ग्रह नसलेल्या शोधामुळे. केआयसी ८४६२८५२ या ताऱ्याच्या आलेखातील खळगे स्वयंसेवकांना ओळखीच्या कोणत्याही प्रकारात बसेनात. ते अनियमित होते, त्यांचे आकार वेडेवाकडे होते आणि त्यांतील एकात तब्बल २२ टक्के प्रकाश नाहीसा झाला होता. गुरूएवढा ग्रहही जेमतेम १ टक्का प्रकाश अडवतो हे लक्षात घेता ही घट थक्क करणारी होती. टॅबेथा बोयाजियन यांच्या नेतृत्वाखालील निबंध २०१५ मध्ये पुढे आला व त्यात फुटलेल्या धूमकेतूंचा थवा हे एक संभाव्य स्पष्टीकरण सुचवले गेले. प्रगत परग्रहवासीयांच्या महाकाय बांधकामाच्या कल्पनेने वृत्तपत्रांचे मथळे व्यापले, परंतु रेडिओ दुर्बिणींनी घेतलेल्या शोधात तसा कोणताही संकेत आढळला नाही.

पुढील निरीक्षणांसाठी २०१६ मध्ये लोकवर्गणीतून एक लाखाहून अधिक डॉलर जमले. मे २०१७ पासून ताऱ्याचे तेज पुन्हा घटू लागले तेव्हा दुर्बिणी सज्ज होत्या. त्या खळग्यांना एल्सी, सेलेस्ट, स्कारा ब्रे आणि अंगकोर अशी नावे देण्यात आली. घट निळ्या प्रकाशात अधिक आणि लाल प्रकाशात कमी असल्याचे दिसून आले. घन वस्तू सर्व रंगांचा प्रकाश सारखाच अडवते, त्यामुळे अडथळा बारीक धुळीचा असावा हा निष्कर्ष २०१८ मध्ये मांडला गेला. ही धूळ कुठून आली हा प्रश्न त्याने सुटला नाही.

टेस पर्व

केप्लरची चार दिशाचक्रांपैकी दोन निकामी झाल्याने मूळ मोहीम २०१३ मध्ये थांबली. के२ या नावाने चाललेले उर्वरित निरीक्षण इंधन संपल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये संपले. के२च्या नोंदींवर आधारित एक्सोप्लॅनेट एक्सप्लोरर्स हा झूनिव्हर्सवरील भगिनी प्रकल्प एप्रिल २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणीवरून जनतेसमोर आला. त्यातून के२-१३८ या ताऱ्याभोवतीची पाच ग्रहांची साखळी उघडकीस आली. त्यातील प्रत्येक ग्रहाचा परिभ्रमणकाळ आतल्या ग्रहाच्या जवळपास दीडपट आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये मज्जाजालावर आधारित संगणकीय पद्धतीने केप्लर-९० या ताऱ्याचा आठवा ग्रह शोधला, तेव्हा स्वयंसेवकांची गरज उरेल काय हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. उत्तराचा एक भाग टेसच्या कार्यपद्धतीत आहे. एप्रिल २०१८ मध्ये प्रक्षेपित झालेला हा उपग्रह आकाशाचा एक पट्टा साधारण २७ दिवस पाहून पुढे सरकतो. त्यामुळे दीर्घ परिभ्रमणकाळाच्या ग्रहाचे बहुधा एकच अधिक्रमण नोंदीत उमटते आणि आवर्तन शोधणाऱ्या पद्धतींना त्याचा थांग लागणे अवघड जाते. डिसेंबर २०१८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातील नोरा आयस्नर यांच्या नेतृत्वाखाली प्लॅनेट हंटर्स टेस सुरू झाले ते याच पोकळीसाठी. टीओआय-८१३ या सूर्याहून फुगलेल्या ताऱ्याचा सुमारे ८४ दिवसांत फिरणारा ग्रह हे त्याचे पहिले मोठे यश. २०२४ मध्ये टीओआय-४६३३ या युग्मताऱ्यातील एका ताऱ्याच्या जीवनयोग्य पट्ट्यात, सुमारे २७२ दिवसांच्या कक्षेत, नेपच्यूनहून लहान ग्रह असल्याचे जाहीर झाले.