काचेच्या चौकटीतला गंज

मोटारीच्या पुढच्या काचेभोवती पत्र्याची एक अरुंद कड असते. छप्पर, दोन्ही बाजूंचे खांब आणि वायपरच्या खालचा पट्टा यांचे पत्रे या कडेवर एकत्र येतात, स्पॉट वेल्डिंगने जोडले जातात आणि जुन्या गाड्यांत त्यांवर रबर चढवून काच बसवलेली असते. अशा मोटारींत चाकांच्या कमानी आणि तळाचा पत्रा यांच्याप्रमाणेच ही कडही लवकर गंजते. इथला गंज मात्र रबराखाली दडलेला असतो. तो डोळ्यांना दिसेपर्यंत आतला पत्रा बराच खाल्ला गेलेला असतो.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो. पाण्यात मीठ असेल तर त्याचा वेग वाढतो. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले, की ओल्या धातूच्या ज्या भागाला प्राणवायू कमी मिळतो, तोच भाग झिजतो. उघड्या बॉनेटवर पडलेले पाणी वाळून जाते, पण रबराच्या फटीत मुरलेले पाणी हवा कमी असल्याने पत्रा पोखरते. दोन पत्र्यांच्या सांध्यात रंग पोहोचत नाही, त्यामुळे पाण्याला तिथे आयतीच वाट मिळते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो फुगून रंगाखाली फोड आणतो, रबर उचलतो आणि कधी काचेवर दाब येऊन तिला तडाही जातो.

मोटारीच्या आरंभीच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. तेव्हाचा सांगाडा घोडागाडीसारखा लाकडी असे. सपाट काच पितळेच्या किंवा लाकडाच्या चौकटीत बसवलेली असे आणि बिघडली तर चौकटीसकट काढता येई. १९१४ मध्ये अमेरिकेत बड कंपनीने डॉज मोटारींसाठी पोलादी बॉडी घडवली. १९२४ मध्ये सित्रोएनने तेच तंत्र फ्रान्समध्ये आणले. १९३४ मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियल एअरफ्लो मालिकेतील मोठ्या गाडीला अखंड वक्र काच बसली. वक्र काच आणि पत्र्याची चौकट यांच्या मापात थोडीफार तफावत राहतेच. ती सामावून घेणारे लवचीक रबर दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आले. उन्हाने रबर कडक होते, कोपऱ्यांत तडकते आणि पाणी आत घेते. काचेभोवतीच्या गंजाचा इतिहास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

भारतात या गंजाशी मोठी झुंज मुंबईने दिली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिचा कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. आधी क्रायस्लरच्या आणि १९५० च्या दशकात फियाटच्या गाड्या तिथे जोडल्या जाऊ लागल्या. फियाट ११०० हीच गाडी पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली आणि २००० च्या सुमारापर्यंत बनत राहिली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात तिने मुंबईचे रस्ते व्यापले. समुद्राचा खारा वारा, वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि रात्रंदिवस उघड्यावर उभी राहणारी गाडी, एवढे सगळे गंजाला पोषक होते.

त्यात नवी गाडी मिळणे दुरापास्त होते. आयातीवर कडक निर्बंध होते, देशी उत्पादन मोजके होते आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे गाडी भंगारात काढण्याऐवजी दुरुस्त करून वापरणे हाच रिवाज झाला आणि डेंटर व पेंटर ही जोडी गॅरेजचा कणा बनली. पत्रा ठोकणे, कापणे, जोडणे हे डेंटरचे काम. लांबी (पुट्टी) भरून घासणे आणि रंग मारणे हे पेंटरचे. दोघेही हे काम उस्तादाच्या हाताखाली शिकत. नवा पत्रा कंपनीकडून तयार मिळण्याची शाश्वती नसे. सपाट पत्रा आणून कड हातानेच घडवावी लागे.

गंजाची पहिली खूण बहुधा पायाशी दिसते. पावसात पुढची पायपुसणी भिजते, मग काचेच्या खालच्या कोपऱ्यांत रंगाला फोड येतात. दुरुस्तीसाठी आधी चकाकती पट्टी आणि रबर सोडवून काच बाहेर काढतात. पेचकसाने टोचत गेले की निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला भाग भुसभुशीत लागतो आणि पेचकस आरपार जातो. अनेकदा वरून शाबूत दिसणाऱ्या कडेची आत चाळण झालेली असते. निरोगी पत्रा लागेपर्यंत सगळा भाग कापणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. इथे हात आखडता घेतला, तर नव्या तुकड्याच्या शेजारीच गंज पुन्हा डोके वर काढतो.

कापण्याआधी पुठ्ठ्यावर कडेचा आकार उतरवून घेतात आणि एका वेळी थोडाच भाग कापतात, म्हणजे चौकट माप सोडत नाही. साधारण एक मिलिमीटर जाडीचा पत्रा त्या आकारात कापून, ठोकून, कानशीने घासून जुळवला जातो. जुन्या गॅरेजांत जोडणी ऑक्सि-ॲसिटिलीनच्या ज्योतीने होई. ही ज्योत १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्ये वापरात आली. तिची धग पातळ पत्र्यात दूरवर पसरते आणि पत्रा वाकतो. म्हणून कारागीर अंतर राखून एकेक टाका देतो आणि ओल्या फडक्याने शेजारचा भाग थंड करतो. काही जण पितळेचा डाग देत. त्यात उष्णता कमी लागे, पण टाकणखार नीट खरवडून काढला नाही तर त्यावर रंग धरत नसे.

सांधा सपाट करण्याची रीतही काळानुसार बदलली. युरोप-अमेरिकेतील कारखान्यांत सांध्यांवर शिसे-कथलाचा मिश्रधातू चढवत. तो १८३ अंश सेल्सियसपासून मऊ होऊ लागतो आणि लाकडी पट्टीने पसरवता येतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत पॉलिएस्टर पुट्टी आली आणि हे कष्टाचे काम मागे पडले. पुट्टीने काम झपाट्याने होऊ लागले, पण गैरवापरही वाढला. भोकात कागद किंवा जाळी कोंबून वर लांबी फासली की गाडी विकेपर्यंत चकाचक दिसे, आणि पुढच्या पावसाळ्यात लांबीचा थरच निखळून पडे. लांबी खाचखळगे झाकते. पत्र्याची जागा ती घेऊ शकत नाही.

यानंतर रेड ऑक्साइड प्राइमर, रंग आणि शेवटी काच. काचेभोवती रबर चढवून त्याच्या खाचेत सुतळी फिरवतात आणि तिची दोन्ही टोके खाली मध्यावर आत सोडतात. साबणाच्या पाण्याने रबर निसरडे करून एक जण बाहेरून तळहातांनी काच दाबतो, दुसरा आत बसून सुतळी हळूहळू ओढतो. सुतळी निघत जाते तसतशी रबराची जीभ कडेवरून आत उडी घेते. चौकट जराही पिळलेली असेल तर काच याच वेळी तडकते; पत्रेकामाची खरी परीक्षा इथे होते.

पुढे गाड्यांची घडणच बदलली. १९७० पासून अमेरिकेत अपघातात काच जागेवर टिकावी असा नियम लागू झाला आणि रबराऐवजी पॉलियुरेथेनने काच चिकटवण्याची पद्धत रुळली. विद्युतभारित रंगाच्या टाकीत अख्खी बॉडी बुडवल्याने प्राइमर सांध्यांत पोहोचू लागला. पोर्शेने १९७० च्या दशकात जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरला, पुढे इतरांनीही तो स्वीकारला. गंज त्यामुळे लांबणीवर पडला. काच बदलताना पात्याने कडेचा रंग खरवडला गेला, तर मात्र तो आजही तिथूनच सुरू होतो.

मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. वीस वर्षांच्या मर्यादेनुसार ती २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. ज्या गाड्या हौशी मालकांकडे उरल्या, त्यांच्यासाठी आता मिग वेल्डिंग, फॉस्फोरिक आम्ल, इपॉक्सी प्राइमर आणि सांध्यांत भरायचे सीलंट उपलब्ध आहेत. ही साधने जुन्या डेंटरला मिळाली नव्हती. कामाचा क्रम मात्र त्यानेच घालून दिलेला आहे: काच काढणे, निरोगी पत्र्यापर्यंत कापणे, मापात जोडणे, सांधा बंद करणे आणि नवे रबर घालणे. यातली एकही पायरी गाळली, तर गंज परत येतो.