कमी आवाजाचा प्रोसेसर कूलर : चाचणी

डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरची उष्णता हवेच्या साहाय्याने काढून घेणाऱ्या आणि ते करताना कानाला कमीत कमी जाणवणाऱ्या कूलरची पारख. प्रोसेसर किती तापतो आणि त्याच वेळी आवाज किती होतो, या दोन्हींचे मापन तीत एकत्रच करावे लागते. पूर्ण वेगाने पंखा फिरवला की सामान्य कूलरही प्रोसेसर थंड ठेवतो. पंखा मंद केला की कोणताही कूलर शांत होतो. त्यामुळे दोहोंपैकी एकच आकडा देणाऱ्या चाचणीला फारसा अर्थ नाही.

कूलरचा तांब्याचा पाया प्रोसेसरवर घट्ट बसतो आणि मधल्या सूक्ष्म फटी थर्मल पेस्टने भरतात. पायातून वर जाणाऱ्या हीटपाइपांत कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती निवते आणि नळीच्या सच्छिद्र अस्तरातून पाणी केशाकर्षणाने परत येते. लॉस अ‍ॅलमॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 मध्ये अशी नळी बनवून दाखवली होती. नळ्यांनी आणलेली उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत पसरते आणि पंख्याची हवा ती वाहून नेते. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीचा 2014 चा एनएच-डी15 हा या प्रकारातला नावाजलेला कूलर : सहा हीटपाइप, पत्र्यांचे दोन मनोरे, 140 मिमी.चे दोन पंखे, उंची 165 मिमी. आणि पंख्यांसह वजन 1,320 ग्रॅम.

उष्णतेच्या चाचणीत खरी अडचण प्रोसेसरचीच असते. आजचे प्रोसेसर तापमान पाहून आपला वेग आणि वीज स्वतःच बदलतात. एएमडीचे रायझन 7000 मालिकेतील मोठे प्रोसेसर जड कामात 95° से.पर्यंत जाण्यासाठीच घडवलेले आहेत. त्यांवर चांगला आणि मध्यम, दोन्ही कूलर तेच तापमान दाखवू शकतात. म्हणून बायॉसमध्ये विजेची मर्यादा बांधून घ्यावी, प्राइम95सारख्या प्रोग्रॅमने भार द्यावा आणि तापमान स्थिरावेपर्यंत थांबावे. मोठ्या हीटसिंकचा धातू सावकाश तापतो, त्यामुळे पहिल्या दोन-चार मिनिटांतले आकडे नेहमीच गोड असतात. निकाल खोलीच्या तापमानापासूनच्या फरकात मांडावा. खोली 22° से., भार 150 वॅट आणि प्रोसेसर 67° से. असेल, तर फरक 45 अंशांचा, म्हणजे दर वॅटला 0.3 अंश. हाच कूलर मे महिन्यात नागपुरातल्या 38 अंशांच्या खोलीत तितक्याच भाराला 83च्या आसपास जाईल. थंड देशातल्या चाचणीतले तापमान जसेच्या तसे उचलणाऱ्याची फसगत होते ती इथेच.

आवाजाचे मापन त्याहून नाजूक आहे. एनएच-डी15च्या पंख्याला कंपनीने मिनिटाला 1,500 फेऱ्यांवर 24.6 डेसिबल आणि 1,200 फेऱ्यांवर 19.2 डेसिबल आवाज दिला आहे. हवा मात्र तासाला 140.2 घनमीटरवरून 115.5 घनमीटरवर येते. वेग पाचव्या हिश्शाने उतरवला की हवा जवळपास तेवढीच घटते, पण आवाज पाच डेसिबलांहून अधिक उतरतो. शांत कूलरचे सारे गणित या व्यवहारावर उभे आहे : पत्र्यांचे क्षेत्रफळ मोठे ठेवायचे आणि पंखा हळू चालवायचा. तसाच दुसरा पंखा जोडला तर सुमारे 3 डेसिबल वाढतात. मोकळ्या जागेत मापनाचे अंतर निम्मे केले तर 6 डेसिबल वाढतात, म्हणून अंतर न सांगितलेला आकडा तुलनेला निरुपयोगी. बाजारातले अनेक साधे ध्वनिमापक 30 डेसिबलांखाली मोजतच नाहीत आणि रात्रीची शांत खोलीही साधारण तेवढीच असते. इतका मंद पंखा मोजायला प्रतिध्वनिरहित कक्षच हवा.

तुलनेची सर्वांत प्रामाणिक रीत म्हणजे सर्व कूलर एकाच आवाजपातळीवर आणून मग त्यांची तापमाने पाहणे. त्यानंतरही कानाचे काम उरतेच. सारख्याच डेसिबलांचे दोन पंखे सारखे वाटत नाहीत : हवेची एकसंध सळसळ कान विसरतो, बेअरिंगची टिकटिक किंवा एकसुरी गुणगुण विसरत नाही. काही पंखे एखाद्या विशिष्ट वेगालाच घुमतात. म्हणून वेग अगदी तळापासून हळूहळू चढवत ऐकावे आणि घुमणारा टप्पा बायॉसमधल्या वेगरेषेतून टाळावा.

या चाचण्या नव्या, स्वच्छ कूलरवर होतात. घरी पत्र्यांत धूळ बसली की त्याच तापमानासाठी पंख्याला अधिक वेग लागतो आणि आवाज वाढतो. ब्लोअरने धूळ काढताना पाती बोटाने धरून ठेवावीत. झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग बिघडू शकते.