हैदराबाद क्रमांक १२-ए : विमानावरच्या एका नावाची गोष्ट

मंडळाच्या मागच्या प्रदर्शनात माझ्या वाट्याला कोपऱ्यातलं टेबल आलं होतं. त्यावर तीन विमानं मांडली होती. प्लास्टिकची, साधारण वीतभर पंखांची, खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाची. तिन्हींचा आपल्या शहराशी संबंध होता, म्हणून तर मंडळाने परवानगी दिली. नाहीतर जुनी भांडी, मोडीतली कागदपत्रं आणि फर्मानांच्या नकला यांच्या शेजारी खेळण्यातली विमानं कोण ठेवू देणार!

सगळ्यात आधी आले ते आमचे वकीलकाका. वय शहाऐंशी, मूळचे बीदरकडचे, नंतर सगळा जन्म काचीगुड्यात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पहिल्या विमानावर वाकले, आणि कडेची बारीक अक्षरं वाचून ताठ उभे राहिले. "निजामाचं विमान? हे कशाला आणलंस रे इथे?" काकांचे वडील सत्याग्रहात गुलबर्ग्याच्या तुरुंगात होते, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. हा लेख म्हणजे थोडंफार ते उत्तर आहे, असं समजा.

पहिलं विमान आहे डी. एच. ९-ए, पहिल्या महायुद्धातलं दोन माणसांचं बाँबर. १९१८ साली ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या पथकाला ही विमानं मिळाली, आणि त्यांचा खर्च सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी दिला. पथकाच्या नावात ‘हैदराबाद’ आलं ते तिथून. भेट मिळालेल्या विमानांच्या अंगावर तसं लिहिलेलं असे: निजामांकडून भेट, आणि खाली हैदराबाद क्रमांक अमुक. सप्टेंबर १९१८ मध्ये हे पथक फ्रान्सच्या आघाडीवर पोचलं आणि जर्मन शहरांवर दिवसाढवळ्या हल्ले करू लागलं. नुकसान फार झालं. युद्ध नोव्हेंबरात थांबलं, म्हणजे जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा खेळ.

त्यांतलं एक विमान आजही शिल्लक आहे. नोंदणी क्रमांक एफ १०१०, अंगावर नाव ‘हैदराबाद क्रमांक १२-ए’. ५ ऑक्टोबर १९१८ च्या हल्ल्यात ते जर्मन मुलखात उतरावं लागलं आणि आतले दोघे कैद झाले. जर्मनांनी विमान बर्लिनच्या संग्रहालयात ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बाँब पडायला लागले तेव्हा तिथला संग्रह पूर्वेकडे हलवला, आणि युद्ध संपल्यावर आमचं ‘हैदराबाद’ सापडलं पोलंडमध्ये, क्राकूला. १९७७ मध्ये ब्रिटिशांनी ते परत घेतलं, आणि बदल्यात पोलंडला एक स्पिटफायर दिलं! आता ते लंडनच्या हेंडन संग्रहालयात आहे. मुलगी तिकडे असते, म्हणून एकदा मला पाहता आलं. मोठ्या दालनात, परक्या देशात, कापडाच्या अंगावर आपल्या गावाचं नाव वाचताना काय वाटलं ते नीटसं सांगता येत नाही. अभिमान म्हणावा तर तोही पुरता नाही.

घरी आल्यावर ठरवलं की हे करायचंच.

आता थोडं कामाबद्दल. विमानाचा साचा बाजारात मिळाला, पण पेटीतल्या डिकल्समध्ये, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांमध्ये, ‘हैदराबाद’ नव्हतं. ती अक्षरं मलाच छापायची होती. हिशेब साधा आहे: खऱ्या विमानावर दहा सेंटीमीटर उंचीचं अक्षर असेल तर माझ्या विमानावर ते १.४ मिलिमीटरचं. ब्रशने लिहायचं तर तांदळावर गीता लिहिणारा माणूस हवा. म्हणून संगणकावर अक्षरं जुळवली आणि डिकलच्या खास कागदावर घरच्या इंकजेटवर छापली. पहिल्या खेपेला वर वार्निश मारायचं विसरलो. कागद पाण्यात टाकला आणि शाई निघून गेली. वाटीत निळसर पाणी आणि चिमट्यात कोरा पापुद्रा. बायको म्हणाली, "गेलं का राज्य?"

दुसरी अडचण जास्त खरी. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. गडद अंगावर फिकट अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या डिकल-कागदावर भोवतालचा गडद रंग छापायचा आणि अक्षरांची जागा मोकळी सोडायची. म्हणजे छापलेला रंग आणि विमानाला दिलेला रंग तंतोतंत जुळायला हवा. आणि हा रंग कोणता, यावर जगभरचे मॉडेल करणारे भांडत आले आहेत. ब्रिटिश त्याला पी. सी. १० म्हणत. त्यात मुख्य दोनच गोष्टी: पिवळी माती, आपल्याकडे तिला रामरज म्हणतात, आणि थोडी काजळी. पिवळ्यात काळं मिसळलं की हिरवट दिसतं, हे रांगोळीचे रंग कालवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पण कशात कालवलं, किती जुनं झालं, ऊन किती खाल्लं, यावर तोच रंग शेवाळी दिसतो किंवा चॉकलेटी. मी सुलतान बाजारातल्या रंगवाल्याकडून रामरज आणली, घरी काजळ धरलं आणि जवसाच्या तेलात कालवून पुठ्ठ्यावर फासून पाहिलं. पहिल्या दिवशी हिरवट. गच्चीवर दोन महिने ठेवलेला तुकडा तपकिरीकडे झुकला. म्हणजे भांडणारे दोन्ही पक्ष बरोबर असावेत. मी मधला रंग घेतला. सहा वेळा छापल्यावर जुळला.

डिकल लावण्याची रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मॉडेलचा रंग मंद, खडबडीत असतो. त्यावर थेट डिकल लावलं तर खाली बारीक हवा अडकते आणि उजेडात चंदेरी चट्टा दिसतो. म्हणून आधी चकाकतं वार्निश द्यायचं, पुरतं वाळू द्यायचं, मग कोमट पाण्यात डिकल भिजवून कागदावरून हलकेच सरकवायचं. वरून मऊ करणारं द्रावण लावलं की पापुद्रा सुरकुततो. इथे नवखा माणूस घाबरून बोट लावतो आणि सगळं फाटतं. हात मागे घ्यायचा, चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत तो आपोआप ताणून बसलेला असतो. शेवटी सगळ्यावर मंद वार्निश. आपल्याकडच्या मे महिन्यात हे काम करूच नये, रंग ब्रशवरच वाळतो.

दुसरं आणि तिसरं विमान स्पिटफायर. दोन्ही १५२ (हैदराबाद) पथकाची. दुसऱ्या महायुद्धातही निजामांनी पैसे दिले, आणि १५२ व २५३ या दोन पथकांच्या नावांत हैदराबाद आलं. १५२ च्या बोधचिन्हावर निजामांची दस्तार आहे आणि खाली ब्रीद आहे ‘विश्वासू मित्र’ या अर्थाचं, म्हणजे १९१८ मध्ये इंग्रज बादशहाने निजामांना दिलेला किताबच. १९४० मध्ये हे पथक इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉर्मवेलला होतं. त्या काळच्या स्पिटफायरवर वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी पट्टे, खालून फिकट निळसर हिरवा. पट्ट्यांचा नमुना ठरलेला असे, आणि त्याचीच आरशातली प्रतिमा हा दुसरा नमुना. जानेवारी १९४१ नंतर एकच नमुना उरला. त्यामुळे १९४० चं विमान करताना फोटो जवळ हवाच, नाहीतर डावं-उजवं चुकतं. माझं पहिल्यांदा चुकलं. पट्ट्यांच्या कडा झाकायला मी घरची कणीक वापरली होती, ती युक्ती कुठेतरी वाचली होती. वाचलेल्या कणकेत तेल नव्हतं, आमच्या घरच्या कणकेत होतं. रंग धरेना. सगळं धुऊन पुन्हा केलं, तेव्हा नमुन्याची चूकही सुधारली.

तिसरं मला सर्वांत आवडतं. १९४३ च्या अखेरीस १५२ पथक हिंदुस्थानात आलं आणि पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलं. तिथे विमानांच्या गोल चिन्हातून लाल रंग काढून टाकला होता. जपानी विमानावर लाल सूर्य असे, आणि घाईत आपल्याच माणसाने आपल्यावर गोळी झाडू नये म्हणून फक्त गडद आणि फिकट निळा ठेवला. पेटीतली लाल ठिपक्याची चिन्हं म्हणून बाजूला टाकावी लागली. त्या निळ्या गोलावरून उडी घेणारा काळा बिबट्या या पथकाने १९४५ च्या सुमारास रंगवला. डिकलवर डिकल, बिबट्याचे पाय गोलाबाहेर, आणि खालच्या गोलाची कड वर उमटू द्यायची नाही. तीन रात्री गेल्या.

हे सगळं मी वकीलकाकांना उत्साहाने सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पैसे कुणाचे?"

प्रश्न रास्त होता. नाव निजामांचं, पण संस्थानाच्या खजिन्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतल्या मराठी रयतेचाही सारा येत होता. १९१८ हेच उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेचं वर्ष, आणि तिथलं माध्यम उर्दू. मराठी मुलाला वरच्या वर्गांत मराठीतून शिकायची सोय सरकारी शाळेत नव्हती. म्हणून विवेक वर्धिनीसारख्या शाळा लोकांनी वर्गणीवर चालवल्या. सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ प्रमाणे आधी परवानगी. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली, वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थी काढले गेले. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी वॉर्मवेलच्या आकाशात ‘हैदराबाद’ नावाचं पथक स्वातंत्र्य वाचवण्यासाठी लढत होतं. हिटलरशी लढणं योग्यच होतं, याबद्दल मला शंका नाही. त्या वैमानिकांचं धैर्यही खोटं नव्हतं. पण काकांच्या वडिलांना सभेत दोन शब्द बोलायचं स्वातंत्र्य ज्या सरकारने दिलं नाही, तेच सरकार ब्रिटनच्या बचावाला पैसे पाठवत होतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. माझ्या टेबलावरच्या पाटीवर मी यातलं अर्धंच लिहिलं होतं.

त्याच संध्याकाळी पाटी बदलली. ‘निजामांकडून भेट’ याखाली एक ओळ वाढवली: ‘खर्च संस्थानच्या महसुलातून, ज्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या रयतेचा वाटा होता.’ एका सभासदांनी म्हटलं, हे खासगी खजिन्यातून आलं असेल, कशाला लिहिता? निजामांची सर्फ-ए-खास जमीन होती, हे खरं. पण त्या जमिनीवर नांगर धरणारा कोण होता? ओळ तशीच ठेवली.

काका दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. पाटी वाचली, काही बोलले नाहीत. मग खुर्ची ओढून टेबलाशी बसले. "तुझ्याकडे एक विमान कमी आहे," म्हणाले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस अ‍ॅक्शन सुरू झाली तेव्हा ते बीदरजवळच्या गावात होते, नऊ वर्षांचे. भारतीय हवाई दलाच्या टेंपेस्ट विमानांनी बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर बाँब टाकले. काकांच्या आईने मुलांना कणगीमागे दडवलं होतं, पण हा पोरगा निसटून माळवदावर गेला. "आवाज आधी आला, मग विमान. एवढं खाली की वाटलं, हात लागेल. खूण काही दिसली नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, आपलं आहे. दुसरा म्हणाला, गप बस, कुणी ऐकेल." इतकं सांगून ते थांबले, आणि खालचा आई-बापाचा आरडाओरडा आठवून हसले.

सध्या टेंपेस्टचंच काम चालू आहे. त्या वर्षांत आपल्या हवाई दलाच्या विमानांवर तिरंगी गोल अजून आलेला नव्हता, निळं अशोकचक्र असे. माझ्याकडच्या पेटीत ब्रिटिश खुणा आहेत, म्हणजे चक्र पुन्हा घरीच छापायचं. काल पहिला नमुना काढला. वार्निश आठवणीने मारलं. भिंगाखाली आरे मोजले, तेवीसच भरले. एक शेजारच्याला चिकटला होता. काकांना फोन केला, तर म्हणाले, "मग पुन्हा छाप."