गाळणी की कारागीर?

मूत्रपिंडाच्या संशोधनाचा इतिहास चाळताना आम्हांस वारंवार जाणवते, की येथील भांडण जितके पुराव्यांचे, तितकेच रूपकांचे होते.

१८४२ साली लंडनमध्ये विल्यम बोमन यांनी केशवाहिन्यांचा सूक्ष्म गुच्छ आणि त्याला कवेत घेणारी नलिका यांचे नाते उलगडले. गुच्छातून केवळ पाणी झिरपते आणि युरियासारखी द्रव्ये नलिकेच्या पेशी रक्तातून वेचून त्यात सोडतात, असे त्यांचे मत. म्हणजे मूत्रपिंड हा कारागीर. त्याच वर्षी मारबुर्गमध्ये कार्ल लुडविग यांनी नेमके उलट मांडले: रक्तदाबाच्या रेट्याने प्रथिने वगळता बहुतेक सारे गाळले जाते, आणि नलिकांतून जाताना पाणी रक्तात परतते. म्हणजे ती गाळणी. जिवंत शरीराचा व्यवहार दाब आणि विसरण एवढ्यावर उलगडतो की नाही, हा खरा प्रश्न होता.

ब्रेस्लाऊच्या रुडॉल्फ हायडेनहाइन यांनी १८७४ साली प्राण्यांच्या रक्तात निळा रंग सोडला. तो नलिकांच्या पेशींत सापडला. पुढे त्यांनी हिशेब केला, की दिवसभराचा युरिया केवळ गाळूनच निघायचा, तर सुमारे ७० लिटर द्रव गाळावा लागेल. लघवी तर जेमतेम दीड लिटर! एवढी उधळपट्टी त्यांना असंभाव्य वाटली. (काटकसर हा निसर्गाचा गुण की हिशेबी गृहस्थाचा?) प्रत्यक्षात रोज सुमारे १८० लिटर गाळले जाते, आणि त्यातले ९९ टक्के परत घेतले जाते.

१९२४ साली फिलाडेल्फियात वर्न आणि रिचर्ड्स यांनी बेडकाच्या एकाच गुच्छाभोवतीच्या पिशवीत अतिसूक्ष्म काचनळी खुपसून थेंबभर द्रव काढला. त्यात साखर होती, प्रथिने नव्हती. मूत्राशयातील लघवीत मात्र साखर नव्हती. लुडविग जिंकले, पण निम्मेच. काही द्रव्ये नलिकेच्या पेशी खरोखरच आत सोडतात, हेही त्याच सुमारास मार्शल यांनी दाखवले.

लघवी रक्ताच्या चौपट संहत कशी होते, हे मात्र १९५१ पर्यंत अनुत्तरित राहिले. हेन्ले यांनी १८६२ साली वर्णिलेला नलिकेचा फास निरर्थक वळण वाटावा असाच. बाझेलचे वेर्नर कून हे भौतिक रसायनतज्ज्ञ. त्यांनी त्या वळणातच उत्तर पाहिले. शेजारी-शेजारी उलट दिशांनी वाहणारे दोन प्रवाह; चढती बाजू क्षार बाहेर टाकते, पाणी सोडत नाही. छोटासा फरक लांबीभर गुणाकाराने वाढतो, खोलवरच्या ऊती खारट होतात, आणि तेथून जाणाऱ्या संग्राहक नळीतले पाणी आपसूक ओढले जाते. त्यांचे सहकारी विर्त्झ यांनी उंदराच्या मूत्रपिंडाचे गोठवलेले काप घेऊन त्यांतील बर्फ कोणत्या तापमानाला वितळते ते पाहिले. काप जितका आतला, तितका तो खारट निघाला.