साष्टी बेट : ऋतुमान आणि सत्तासंघर्ष

शहाडवरून वाहत येणारी उल्हास नदी कल्याण ओलांडून पश्चिमेकडे वळते व वसईच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. उत्तरेस ही खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, पश्चिमेस समुद्र, आणि दक्षिणेस मुंबईपासून विलग करणारे माहीमचे पाणी, ह्यांनी वेढलेला भूभाग म्हणजे साष्टी बेट होय. त्याच्या मध्यभागी कान्हेरीचे डोंगर आहेत. वार्षिक पर्जन्य दोन हजार मिलिमीटरहून अधिक असून तो बहुतांशी जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच पडतो. ह्या काळात समुद्र खवळलेला असतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावरच राहतात.

भूमध्य समुद्रातील माल्टा बेटाचे ऋतुमान नेमके ह्याच्या उलट आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. साहजिकच पूर्वी नौकानयनाचा मोसमही उन्हाळ्याचाच असे. १५६५ मध्ये तुर्की आरमार मे महिन्यात माल्ट्यास आले आणि वेढा निष्फळ होऊन सप्टेंबरात परतले. साष्टीच्या किनाऱ्यावर ह्याच महिन्यांत समुद्रमार्ग बंद असे.

ह्या भेदाचे राजकीय महत्त्व मोठे आहे. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह ह्याच्याशी झालेल्या तहानंतर वसईचा प्रदेश पोर्तुगीजांकडे आला. त्यांच्या सत्तेचा आधार आरमार हा होता, आणि मोठी मदत यावयाची ती गोव्याहून, समुद्रमार्गे. उलटपक्षी, मराठ्यांना कल्याण-भिवंडीच्या बाजूने केवळ खाडी ओलांडावयाची होती. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणे १७३७ च्या मार्चअखेरीस पडले. वसईने मे १७३९ मध्ये शरणागती पत्करली. दोन्ही घटना पावसाळ्यापूर्वीच्या आहेत. इंग्रजांनीही ठाण्याचा किल्ला घेतला तो डिसेंबर १७७४ मध्ये, म्हणजे कोरड्या मोसमातच. साल्बाईच्या तहाने (१७८२) साष्टीवरील त्यांचा ताबा कायम झाला.

ह्यावरून असे अनुमान निघते की, बेट असणे हे साष्टीस निरपवाद संरक्षण नव्हते. समुद्रावर विसंबणाऱ्या सत्तेचा पाठीराखा वर्षातून चार महिने अनुपस्थित असे, आणि खाडीपलीकडचा शत्रू मात्र तेथेच असे. १८५४ मध्ये लोहमार्ग ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणास पोहोचला, तेव्हा ह्या जलसीमेचे जुने महत्त्व ओसरू लागले. आज उपनगरांच्या दाटीत साष्टीचे बेटपण सहसा जाणवत नाही; तिचा इतिहास मात्र त्या बेटपणावाचून उलगडत नाही.