काचेच्या टाकीतला मासा आणि साईक्सचा मासा

प्रबंधात मी जवळजवळ करून बसलो होतो ती एक चूक आज सांगतो. तुमच्याकडून ती होऊ नये, एवढ्यासाठीच.

चिंचोळी एमआयडीसीजवळच्या माझ्या खोलीत दोन फुटी टाकी आहे. तळाला बारीक वाळू, गुळगुळीत गोटे आणि पाणी सतत खेळतं ठेवणारा एक पंप. सोलापुरातल्या दुकानातून त्यात मी चार ‘झिपर लोच’ सोडले. बोटभर लांबीचे, मिशाळ, तळाशी राहणारे मासे. पहिले आठ दिवस एकही दिसला नाही. मेले असं समजून गोटे उचलणार होतो, तर रात्री दिवा मालवल्यावर चौघंही बाहेर! अशा लाजऱ्या माशाला लपायला जागा, मंद उजेड आणि ऑक्सिजन भरपूर असलेलं पाणी लागतं. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंप बंद ठेवून चालत नाही. नळाचं पाणीही क्लोरीन काढूनच घालायचं.

आता इतिहासाकडे येऊ. विल्यम हेन्री साईक्स हा मुंबई सैन्यातला अधिकारी. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो होता. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. जमीन, पिकं, लोकसंख्या यांच्या जोडीने त्याने पक्षी आणि मासेही नोंदवले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे आला. त्यातली शास्त्रीय नावं मोठ्याने वाचून बघा: कोलुस, खुद्री, इचकिया, मूरेह. लॅटिन वेशातली ही इथलीच नावं. साईक्सला ती नदीकाठच्या माणसांनी सांगितली असणार. शास्त्रीय नावापुढे आजही ‘साईक्स, १८३९’ असं लिहितात. सांगणाऱ्याचं नाव तिथे नाही.

हा ‘मूरेह’ म्हणजे झिपर लोचच. मग काय, मी प्रकरणाच्या मसुद्यात ऐटीत लिहून टाकलं: ‘साईक्सने नोंदवलेला हाच मासा आज माझ्या टेबलावर आहे.’ मार्गदर्शकांनी समासात दोनच शब्द लिहिले: ‘नमुना कुठला?’

दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, “माल कोलकात्याहून येतो, सर.”

इथे गाडी अडली. हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात ईशान्य बंगालमधला ‘बोटिया’ वर्णिला होता. दिसायला तो मूरेहसारखाच, म्हणून विसाव्या शतकात कित्येक अभ्यासकांनी मूरेहला बोटियाच्याच खात्यात टाकलं. २०१५ मध्ये सिंगर आणि पेज या अमेरिकन संशोधकांनी झिपर लोचांची नव्याने तपासणी केली आणि दख्खनचा मूरेह पुन्हा वेगळी जात म्हणून उभा राहिला. मी मात्र दिसण्यावरून दोघांना एक करून जुनीच चूक नव्याने करत होतो. भीमेच्या खोऱ्यात टाकी ठेवली म्हणून मासा भीमेचा होत नाही.

ते वाक्य मी खोडलं. त्या जागी आता एवढंच आहे: ‘दुकानातून घेतलेले झिपर लोच, मूळ ठिकाण अनिश्चित, दुकानदाराच्या सांगण्यानुसार कोलकात्याहून आलेले.’ वाक्य फिकं आहे, पण त्याच्यावर प्रश्न आला तर मला उत्तर देता येईल.

दफ्तरखान्यातल्या कागदालाही हाच प्रश्न विचारा. कुठून आला, मधे कुणाच्या हातातून गेला, आणि नाव कुणी सांगितलं? हे न विचारता नुसत्या साम्यावर विधान करू नका.

आणि कधी टाकी मोडायची वेळ आली, तर मासे सीनेत सोडू नका. एखाद्या सांभाळणाऱ्याला द्या. उद्या कुणी तिथे जाळं टाकून नमुना घेईल आणि वहीत लिहील, ‘ठिकाण: सीना नदी’. ती नोंद खोटी ठरेल, आणि चूक तुमची आहे हे त्याला कधी कळणारही नाही.