फसव्या बदकांचा वृत्तांत

मृगयेच्या इतिहासात शस्त्रांचे वर्णन विपुल आढळते. भुलावणीच्या साधनांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक, शिकाऱ्याने प्राण्याचा स्वभाव किती बारकाईने न्याहाळला होता, याची साक्ष ही साधनेच देतात. त्यांपैकी कृत्रिम बदकाचा वृत्तांत आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

अमेरिकेतील नेवाडा राज्यात लव्हलॉक नावाची गुहा आहे. १९२४ साली तेथील उत्खननात ‘तूल’ नावाच्या पाणगवताची वळलेली अकरा बदके सापडली. काहींवर रंग दिलेला असून खरी पिसेही बसविलेली आहेत. त्यांचे वय सुमारे दोन हजार वर्षे मानले जाते. हॉलंडमधील रीत निराळी. तेथे तळ्याला वाकडे, जाळीने आच्छादलेले पाट काढीत आणि माणसाळलेली बदके व एक लहानसा कुत्रा यांच्या योगे रानबदकांना आत ओढीत. सतराव्या शतकात ही रीत इंग्लंडात रूढ झाली.

कापणीनंतर मका व गहू यांचे दाणे शेतात सांडलेले राहतात, म्हणून बदके तेथेही उतरतात. शेतात तरंगण्याचा प्रश्न नसल्याने फळीचे सपाट आकारही धसकटांत खुंटीवर रोवून भागते. बदक वाऱ्याकडे तोंड करून उतरते. हे ओळखून शिकारी आकारांच्या मध्ये मोकळी जागा ठेवतो आणि तीच बंदुकीच्या टप्प्यात येईल अशा बेताने स्वतः लपतो. आपली जात जेथे निर्धास्त चरते तेथे भय नाही, या पक्ष्याच्या विश्वासावरच सारी योजना उभी असते.

आपल्याकडेही पिंजऱ्यातील तित्तिराच्या हाकेने रानातील तित्तिर भुलवीत असत. तेव्हा दोष एकाच देशाला देता येत नाही.

या कौशल्याला मर्यादा घालणे पुढे भाग पडले. बाजारासाठी होणाऱ्या बेसुमार कत्तलीनंतर अमेरिकेत १९१८ साली स्थलांतरी पक्ष्यांसाठी कायदा झाला आणि १९३५ साली जिवंत बदके भुलावणीस वापरण्यास मनाई झाली. लाकडी बदकांना मात्र तेथे आज लोककलेचा मान आहे. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेची शिकार बंद केली.

लव्हलॉकची बदके विद्यार्थ्यांना दाखविताना आपण त्यांच्या कारागिरीची प्रशंसा अवश्य करावी. परंतु ती कशासाठी घडविली होती, हेही सांगावे. कारागिरी सांगून हेतू गाळला, तर तो इतिहास अपुरा राहील असे आम्हांस वाटते.